दोन अंकी गुणाकार सारखा चुकतोय? आधी चुकलेलं उत्तर वाचा

३४ × २६ चं बरोबर उत्तर ८८४. ते सोडून जी उत्तरं वह्यांत सापडतात ती दिसतात शंभर तऱ्हांची, पण वर्षानुवर्षं वह्या तपासल्यावर कळतं की बिघाड मोजकेच आहेत. लाल फुली मात्र सगळ्यांना सारखीच मिळते आणि वर "आणखी दहा गणितं सोडव" हा एकच उपाय. बिघाड न ओळखता दिलेला सराव म्हणजे चुकीच्या रीतीचाच सराव. म्हणून आधी लक्षणं.

लक्षणं

३४ × २६ = २७२. पहिली ओळ २०४, दुसरी ६८, बेरीज २७२. दुसऱ्या ओळीत शून्य दिलेलं नाही.

३४ × २६ = ६२४. इथे मधल्या ओळीच नसतात. चार सक चोवीस, तीन दुणे सहा, संपलं. बेरजेसारखं वरच्याला खालच्यानं गुणलं आणि मूल मोकळं झालं.

३४ × २६ = ८६४. हातचे दोन घेतले, कोपऱ्यात लिहिलेही, पण मिळवले नाहीत. पहिली ओळ २०४ ऐवजी १८४ झाली.

४७ × ३८ = २०८६ (बरोबर उत्तर १७८६). पहिल्या ओळीचा हातचा ५ डोक्यावर तसाच राहिला आणि दुसऱ्या ओळीत तिथल्या हातच्या २ ऐवजी तोच मिळवला गेला.

४७ × ८ = ७२६ (बरोबर उत्तर ३७६). हातचा आधी मिळवला आणि मग गुणलं: चार आणि पाच नऊ, नऊ आठे बहात्तर.

४० × ७ = २८७. "शून्य गुणिले सात, सात."

६८ × ४७ = २१९६ (बरोबर उत्तर ३१९६). ४७६ आणि २७२० या दोन्ही ओळी बरोबर आहेत, शेवटच्या बेरजेत हातचा सांडला.

आणि शेवटचा प्रकार: उत्तर थोडक्यात चुकतं, दर वेळी वेगळ्या जागी. रीत बरोबर, पाढा कच्चा.

कुठे बिघडलंय ते शोधायला पाच गणितं

वहीतली जुनी पानं चाळण्यापेक्षा ही पाच गणितं एका कोऱ्या पानावर द्या. चुकलं तर मध्ये बोलू नका, भुवईसुद्धा उंचावू नका. मुलाला फक्त सांगा, "काय करतोयस ते मोठ्यानं बोलत कर."

२३ × १२, ३४ × २०, ४० × ७, ४७ × ८, ४७ × ३८.

२३ × १२ मध्ये हातचा कुठेच नाही, पाढेही अगदी सोपे. तरी ते चुकलं तर मांडणीचा अर्थच कळलेला नाही असं समजा. उत्तर ६९ आलं (४६ आणि २३ ची बेरीज) तर शून्याचा घोळ. २६ आलं तर वरखाली गुणणं. २७६ आलं तर मांडणी ठीक आहे, पुढे चला. ४७ × ८ हातच्यासाठी, ४० × ७ शून्यासाठी. ३४ × २० चं उत्तर ७१४ आलं तर पहिल्या ओळीत "शून्य गुणिले ३४, चौतीस" झालंय. चार गणितं बरोबर आणि फक्त ४७ × ३८ चुकलं, तर बहुतेक वेळा दोष दोन ओळींच्या हातच्यांच्या सरमिसळीत किंवा बेरजेत असतो.

चुकीचं आणि बरोबर उत्तर यांची वजाबाकी केली तरी बरंच कळतं. फरक नेमका १०, १०० किंवा १००० असेल तर आधी बेरजेतला हातचा पाहा. शून्य विसरलं असेल तर फरकाला ९ ने नि:शेष भाग जातो: ८८४ − २७२ = ६१२, म्हणजे ६८ ची नऊपट. ६८० लिहायचे तिथे ६८ लिहिले, मग नऊपटच कमी पडणार.

यातून एक गंमत निघते. वडीलधारी मंडळी नवाचा ताळा शिकवतात (प्रत्येक संख्येचे अंक एकच अंक उरेपर्यंत मिळवायचे, दोन्ही संख्यांच्या अशा अंकांचा गुणाकार उत्तराच्या अंकाशी जुळायला हवा) आणि तो चांगलाच आहे. पण शून्य विसरण्याची चूक त्याला दिसत नाही. ३४ चे अंक मिळून ७, २६ चे ८, सात आठे छप्पन, त्याचे अकरा, म्हणजे २. बरोबर उत्तर ८८४ चे वीस, म्हणजे २. चुकीचं उत्तर २७२, त्याचे अकरा, तेही २. ताळा जुळला आणि उत्तर चुकलं! सर्वांत जास्त होणारी चूक नेमकी या चाळणीतून सुटते, हे मुलांनाही सांगून टाका.

आता दुरुस्ती. स्वस्त आणि सोप्यापासून सुरुवात करू. एक तपासणी संपल्याशिवाय पुढचीला हात घालू नका.

१. कागद आणि अक्षर

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं, आणि कितीतरी मुलांचं दुखणं इथेच बरं होतं. चौकटींची वही द्या, एका चौकटीत एकच अंक. ती नसेल तर रेघी वही आडवी फिरवा, रेघा उभ्या होतात आणि एकक, दशक, शतकाचे रकाने आपोआप मिळतात. दुसऱ्या ओळीतला अंक अर्ध्या घरानं सरकला की गुणाकार बरोबर असूनही बेरीज चुकते. मूल "माझं गणितच कच्चं आहे" म्हणून बसतं आणि दोष असतो कागदाचा.

त्याच पानावर हातच्याची शिस्त लावून टाका. पहिल्या ओळीचे हातचे वर लिहायचे आणि वापरला की लगेच काट मारायची. दुसरी ओळ सुरू करण्याआधी वर एकही जिवंत हातचा दिसता कामा नये. २०८६ वाली चूक एवढ्यानं थांबते. हातचा "मनात धर" असं सांगणारे मला कधीच पटले नाहीत. दोन अंकी गुणाकारात मुलाच्या डोक्यात आधीच पाढा, जागा आणि ओळ अशा तीन गोष्टी असतात. चौथी कागदावर राहू दे.

२. उत्तर येण्याआधी अंदाज

गणित मांडलं की सोडवण्याआधी दोन प्रश्न.

पहिला: शेवटचा अंक कोणता येईल? ३४ × २६ मध्ये चार सक चोवीस, म्हणून उत्तराच्या शेवटी ४ हवा. २७२ इथेच पकडलं जातं.

दुसरा: उत्तर कशाच्या मध्ये असेल? ४७ × ३८ साठी ४० × ३० = १२००, आणि ५० × ४० = २०००. उत्तर या दोघांच्या मध्ये हवं. २०८६ बाहेर पडलं.

या दोन्ही चाचण्यांची मर्यादाही माहीत हवी. ६२४ च्या शेवटी ४ आहे आणि ते ६०० ते १२०० च्या मध्येही बसतं, म्हणजे दोन्हींतून सुखरूप सुटतं. ते पकडतो नवाचा ताळा: ६२४ चे बारा, म्हणजे ३, आणि हवेत २. एकट्या चाचणीवर विसंबू नये ते यासाठी. तरी अंदाजाची सवय का लावायची? ज्या मुलाला उत्तर साधारण किती यायला हवं हे माहीत असतं ते चूक स्वतः शोधतं. बाकीची मुलं वही पुढे करून विचारतात, "बरोबर आहे का?"

३. पाढे, पण मधूनच विचारलेले

पाढा म्हणता येतो आणि पाढा वापरता येतो, यात अंतर आहे. "सात आठे?" विचारल्यावर मूल "सात एके सात, सात दुणे चौदा" पासून निघालं तर छप्पनपर्यंत पोचेस्तोवर हातचा किती होता ते विसरलेलं असतं. चूक दिसते हातच्याची, मूळ असतं पाढ्यात.

तपासायला सगळे पाढे लागत नाहीत. ६ ते ९ मधल्या जोड्या तेवढ्या बघा. सात आठे आणि आठ साते एकच धरलं तर अशा जोड्या फक्त दहा आहेत: ६×६, ६×७, ६×८, ६×९, ७×७, ७×८, ७×९, ८×८, ८×९, ९×९. चिठ्ठ्या करून उलटसुलट विचारा. उत्तर तोंडी नको, लिहून घ्या. आपल्याकडे एक खास खड्डा आहे: सात साते एकोणपन्नास हे मूल बिनचूक म्हणतं आणि लिहितं ५९, कारण कानावर पन्नास पडलेलं असतं. एकोण- ने सुरू होणाऱ्या संख्या वेगळ्या लिहून घेतल्याशिवाय हा दोष सापडत नाही, कारण तोंडी परीक्षेत मुलाला पूर्ण गुण मिळतात.

पाढे कच्चे निघाले तर गुणाकाराची रीत थांबवायची का? नाही. पाढ्यांचा तक्ता शेजारी ठेवून रीत शिकवा आणि पाढ्यांना दिवसातून वेगळी पाच मिनिटं द्या. दोन्ही ओझी एकदम उचलायला लावली की दोन्ही पडतात. तक्ता बघणं ही लबाडी नाही, पाठ होत गेलं की मूल आपणच बघायचं सोडतं.

४. एक अंकी गुणकावर परत जा

४७ × ८ पक्कं नसेल तर ४७ × ३८ ला हात लावूच नका. ७२६ लिहिणाऱ्या मुलाला "आधी गुण, मग मिळव" हा नियम सांगून चार दिवस निभावतं, पाचव्या दिवशी चूक परत हजर. त्यापेक्षा हातचा येतो कुठून ते उघडं करून दाखवा:

७ × ८ = ५६
४० × ८ = ३२०
बेरीज ३७६

छप्पनातले पाच दशक गुणून झालेले आहेत. त्यांना परत आठानं गुणायचं कशाला? हे मुलाच्या तोंडून निघालं की नियम सांगावा लागत नाही. आठवडाभर अशीच लांब मांडणी लिहू द्या. घाईनं आखूड करायला लावू नका.

४० × ७ = २८७ वाल्या मुलाला विचारा, "सात डब्या आहेत, प्रत्येकीत शून्य गोळ्या. एकूण किती?" ते हसून "एकही नाही" म्हणेल. मग वहीतल्या सातावर बोट ठेवा.

५. दशकानं गुणणं

दोन अंकी गुणाकाराची सगळी मेख इथे आहे. "दुसऱ्या ओळीत शून्य टाकायचं" हे सांगितलेलं असतं, पण का, ते नाही. कारण नसलेला नियम घाईत आधी गळतो.

२६ मधला २ म्हणजे किती, ते विचारा. "दोन" असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. तो वीस आहे. ३४ × २ = ६८ आणि ३४ × २० म्हणजे ६८ दशक, म्हणजे ६८०. एककाच्या घरात काहीच उरलं नाही हे सांगायला शून्य लिहिलंय. काही जण त्या जागी फुली मारायला शिकवतात, काही ती जागा रिकामी ठेवतात. माझं मत स्पष्ट आहे: शून्यच लिहा. ६८० ही खरी संख्या आहे, ती वाचता येते, अंदाजाशी ताडून बघता येते. फुली वाचता येत नाही.

प्रत्येक ओळीशेजारी ती कशाची आहे हे लिहायला लावा:

२०४ (३४ × ६)
६८० (३४ × २०)
८८४

कंसातला तो मजकूर हीच खरी दुरुस्ती. ज्यानं स्वतःच्या हातानं "३४ × २०" लिहिलंय तो शेजारी ६८ लिहायला कचरतो. शिवाय ३० × २०, ४० × ६०, ७० × ८ अशी गणितं रोज तोंडी विचारत चला.

६. चौकट पद्धत: ६२४ वर हाच इलाज

वरखाली गुणणाऱ्या मुलाला रीत कितीही वेळा दाखवा, ते घरी जाऊन परत ६२४ लिहितं. त्याच्या दृष्टीनं ते बरोबरच असतं: बेरजेत एककाखाली एकक मिळवलं, मग गुणाकारात का नाही? या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं, आणि ते चित्रानं चांगलं देता येतं.

आलेख कागदावर ३४ घरं लांब, २६ घरं रुंद आयत आखा. सगळी घरं मोजली तर ८८४ भरतील. आता लांबीवर ३० नंतर एक उभी रेघ आणि रुंदीवर २० नंतर एक आडवी रेघ मारा. आयताचे चार तुकडे होतात:

३० × २० = ६००
४ × २० = ८०
३० × ६ = १८०
४ × ६ = २४

आता मुलाला विचारा, "तू कोणते तुकडे मोजलेस?" ते ६०० आणि २४ वर बोट ठेवेल. ते दोन तुकडे पेन्सिलीनं रंगवायला द्या. कोरे राहिलेले दोन, ८० आणि १८०, म्हणजे २६०. ८८४ मधून ६२४ वजा करा, तेच २६० येतात. मुलाची चूक कागदावर कोरी पडलेली दिसते, समजावून सांगायला काही उरत नाही. बेरीज करताना ३० ची गाठ ६ शी पडत नाही, गुणाकारात पडते. सगळा फरक तेवढाच.

मग याच चौकटीवरून उभ्या मांडणीकडे या. खालची पट्टी, १८० आणि २४, म्हणजे पहिली ओळ २०४. वरची पट्टी, ६०० आणि ८०, म्हणजे दुसरी ओळ ६८०. काही दिवस दोन्ही शेजारी शेजारी सोडवू द्या. मूल स्वतःहून "चौकट नको, वेळ लागतो" म्हणेल तेव्हा ती सोडा, त्याआधी नाही.

घरात कुणी "ही कसली नवी थेरं" म्हणालं तर सांगा की संख्या फोडून गुणणं जुनंच आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, इ.स. ११५० च्या सुमारास, १३५ × १२ हे उदाहरण १२ चे ८ आणि ४ असे तुकडे करूनही सोडवलंय: १०८० आणि ५४०, मिळून १६२०.

उभ्या-आडव्या गुणाकाराच्या झटपट युक्त्या मात्र या टप्प्यावर नकोत. ज्याला चार तुकडे दिसतात त्याला त्या युक्तीत मजा येते. ज्याला दिसत नाहीत त्याच्या डोक्यात आणखी एक न समजलेली रीत जाऊन बसते.

७. स्थानिक किंमत

वरचं सगळं करूनही शून्य हुकतंय, ६८ आणि ६८० मधला फरक पटत नाही, तर गुणाकार बाजूला ठेवा. दोष गुणाकारात नाही, संख्येच्या समजेत आहे. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करा. ३४ म्हणजे तीन गठ्ठे आणि चार सुट्या. त्याची दुप्पट करा, मग दहापट: प्रत्येक सुट्या काडीचा गठ्ठा होतो, प्रत्येक गठ्ठ्याचा शंभराचा भारा. हे काम सावकाशीचं आहे, काही आठवडे जातात. मधल्या काळात नवा गुणाकार देऊ नका, दिल्यास जुनी चूक आणखी रुजते.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

फळ्यावरून उतरवताना अंक बदलतात, तोंडी मात्र गणित बरोबर येतं: आधी डोळे तपासून घ्या. हे सर्वांत सोपं कारण आहे आणि तेच राहून जातं.

४७ मोठे की ७४ यात अजून गोंधळ, ६ + ७ साठी दर वेळी बोटं, कालचा पक्का पाढा आज पुसलेला, आणि काड्यांवर नेमानं काम करूनही हे तसंच: वर्गशिक्षकांशी बोला आणि विशेष शिक्षक किंवा बालमानसशास्त्रज्ञाकडून तपासणी करून घ्या. याला गणन अक्षमता म्हणजे डिस्कॅल्क्युलिया असं कारण असू शकतं, तसंच दुसरंही काही असू शकतं. निदान घरी करू नका, मुलासमोर तो शब्द उच्चारूही नका. वाचन-लेखनातही अडखळणं असेल तर तेही त्यांना सांगा.

गणिताची वही काढली की पोटात दुखतं, रडू येतं, पान फाडलं जातं: त्या दिवशी गणित बंद. हे रोजचंच झालं असेल तर शाळेतल्या समुपदेशकाला भेटा. घाबरलेल्या मुलाला हातचा आठवत नाही आणि आवाज चढवल्यानं तो आठवणारही नाही.

भेटायला जाताना न तपासलेली, न खोडलेली पानं न्या. आपण सुधारून स्वच्छ केलेल्या वहीतून त्यांना काही कळत नाही. ती पाच गणितं मुलानं जशी सोडवली तशीच दाखवा, आणि सोडवताना ते मोठ्यानं काय बोलत होतं ते त्याच्याच शब्दांत बाजूला लिहून न्या.

बरं झालं हे कसं ओळखायचं

त्याच दिवशी दहापैकी दहा आले तर हुरळून जाऊ नका. मध्ये आठवडा जाऊ द्या आणि न सांगता तीन गणितं द्या: एक बिनहातच्याचं, एक शून्य असलेलं, एक ७-८-९ वालं. ती टिकली तर रोज दोन-तीन गणितं पुरतात, तीस नकोत. गुणक तीन अंकी झाला की शून्याची चूक एकदा तरी डोकं वर काढतेच, कारण ३४ × १२६ मध्ये तिसऱ्या ओळीत ३४०० यावे लागतात आणि मूल ३४० लिहितं. तेव्हा नव्यानं काही शिकवायची गरज नसते, ओळीशेजारी "३४ × १००" लिहायला लावा.